कुत्र्याचा कान दुखतोय? आधी वास घ्या
कुत्रा सारखं डोकं झटकत असेल, तर कानाची पाळी उलटून आधी वास घ्या. तपकिरी, चिकट मळ आणि आंबूस वास म्हणजे बहुधा यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा चुरा दिसला तर माइट, म्हणजे कानातले अगदी बारीक किडे. पिवळा-हिरवा पू असेल तर जिवाणू. पण हा अंदाजच. डॉक्टर मळ सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कानाचा पडदाही तपासतात. तो फाटलेला असताना काही औषधांनी बहिरेपण येऊ शकतं.

साफ करताना डॉक्टरांनी दिलेलं क्लीनर कानात भरा, मुळाशी 30 सेकंद चोळा. पचपच आवाज यायला हवा. मग त्याला झटकू द्या (अंगावर उडणारच!), वर आलेला मळ कापसाने टिपा. बड नको : नळी आत काटकोनात वळते, मळ खोल ढकलला जातो.