परदेशातून बदक आणि टर्की मागवताना या चुका टाळा

बेळगाव-निपाणी पट्ट्यातून चोर्ला घाटानं गोव्याच्या हॉटेलांना चिकन पोचवणाऱ्या व्यापाऱ्याकडे नाताळाच्या तोंडावर टर्कीची मागणी येते, बदकाची तर एरवीही येते. मग थेट आयात करावी असं वाटू लागतं. जरूर करा, पण फ्रोझन चिकन तंगडीचा विचार सोडा. तिच्यावर १०० टक्के आयात शुल्क आहे आणि आपल्याच भागात ब्रॉयलर मुबलक मिळतो. टर्की आणि बदकावरचं शुल्क २०२३ च्या भारत-अमेरिका समझोत्यानंतर बरंच उतरलं आहे. मालाचा आठ आकडी एचएस कोड (शुल्क ठरवणारा वर्गीकरण क्रमांक) सीएचएकडून, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटकडून, तपासून घ्या आणि मगच भाव धरा.

दलालालाच पुरवठादार समजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कोटेशनवर ट्रेडरचं नाव असतं, पक्षी कुठल्या कारखान्यात कापले ते नसतं. १ फेब्रुवारी २०२३ पासून पोल्ट्रीसह मांस पाठवणाऱ्या परदेशी कारखान्याची एफएसएसएआयकडे (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे) नोंदणी लागते. अॅडव्हान्स देण्याआधी तीन गोष्टी मागा: कारखान्याचा मान्यता क्रमांक, पशुवैद्यकीय दाखल्याचा नमुना आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो. तिन्हींवर क्रमांक एकच हवा. ऐनवेळी ‘आमच्याच दुसऱ्या युनिटचा माल भरतो’ असा मेल आला तर सरळ नाही म्हणा. लेबल आणि दाखला जुळला नाही की कंटेनर न्हावा शेवा बंदरात अडकतो; तो थंड ठेवायच्या विजेचं आणि डिटेन्शनचं (कंटेनर अडकवून ठेवल्याच्या दंडाचं) मीटर रोज पळतं.

परवान्याआधी माल भरायला सांगणं

सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे एसआयपी, हातात आल्याशिवाय लोडिंग नको. बर्ड फ्लूमुळे एखाद्या देशाचा माल रातोरात बंद होऊ शकतो. मे २०२५ मध्ये ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात व्यावसायिक फार्मवर पहिल्यांदा लागण सापडली आणि कित्येक देशांनी खरेदी थांबवली. दुसऱ्या देशातला एक पुरवठादार कागदपत्रांसकट तयार ठेवाच.

तारखा न बघणं

माल बंदरात येताना एकूण मुदतीच्या ६० टक्के किंवा तीन महिने, यातलं जे कमी तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो, परवाना क्रमांक आणि मांसाहाराचं चिन्ह बाँडेड गोदामात (कस्टमच्या ताब्यातल्या गोदामात) स्टिकरनं लावता येतं. उत्पादनाची तारीख, मुदत किंवा बॅच नंबर नसेल तर तो दोष स्टिकरनं झाकता येत नाही.

किलोचा भाव बघून सौदा ठरवणं

बर्फाचा थर आणि आत मुरवलेलं पाणी तुम्ही मांसाच्या भावानं विकत घेता. नमुन्याच्या पाच खोक्यांतून एकेक पक्षी काढा. वरचा बर्फ थंड पाण्यात झटकन धुऊन पुसा, वजन करा. मग ४ अंशाच्या फ्रिजमध्ये पिशवीत पूर्ण वितळू द्या (बदकाला एक दिवस, मोठ्या टर्कीला तीन-चार), निथळून परत वजन करा. १० किलोचे ८.९ किलो उरले तर २५० रुपयांचा भाव प्रत्यक्षात २८१ झाला. घट किती टक्क्यांपर्यंत चालेल आणि ती कशी मोजायची, हे करारात लिहून घ्या. नाहीतर भांडायला आधारच नाही.

दार उघडून घाईनं माल उतरवणं

कंटेनरमध्ये दोन डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारी यंत्रं) मागा, एक दाराशी आणि एक मध्यावर. दार उघडलं की आधी आलेख बघा. उणे १८ च्या वर बराच वेळ गेलेला दिसला तर खोक्याच्या मधल्या पक्ष्यात ड्रिलनं भोक पाडून गाभ्याचं तापमान घ्या. खोक्याच्या तळाशी गुलाबी बर्फ, पक्षी एकमेकांना चिकटलेले, पिशवीत मोठे स्फटिक, ही माल एकदा वितळून पुन्हा गोठल्याची खूण. असं दिसलं तर उतरवणं थांबवा, सीलसकट फोटो काढा, सर्वेअर (नुकसानीची पाहणी करणारा) बोलवा आणि त्याच दिवशी विमा कंपनी, शिपिंग लाइन आणि पुरवठादार तिघांनाही लेखी कळवा. अर्धा माल कोल्ड स्टोअरेजमध्ये गेल्यावर केलेली तक्रार फारशी टिकत नाही.

बंदर ते बेळगाव हा टप्पाही लॉगरवरच हवा. कोगनोळीच्या नाक्यावर किंवा ढाब्यावर डिझेल वाचवायला ड्रायव्हर रीफर युनिट (माल थंड ठेवणारं यंत्र) बंद करतात. वाहतूकदाराचं भाडं लॉगरचा आलेख बघूनच चुकतं करा.