वाघनख घेऊन ग्राहक दुकानात येतो तेव्हा

सराफाच्या दुकानात दुपारच्या निवांत वेळी एखादा ओळखीचा ग्राहक येतो, रुमालाच्या घडीतून पिवळसर, टोकदार, वाकडे नख काढून काचेवर ठेवतो आणि म्हणतो, "आजोबांच्या वेळचे आहे, नातवासाठी सोन्यात मढवून द्या." मागणी साधी वाटते, घरोबा जुना असतो आणि मजुरीही बऱ्यापैकी मिळणार असते. मात्र ते नख खरोखरच वाघाचे किंवा बिबट्याचे असेल, तर ते ठेवून घेऊन पावती फाडणारा सराफ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कचाट्यात सापडतो. शिकारी जंगलात असतो आणि तो आपल्या नजरेस पडत नाही. पण त्याचा माल कुठल्या तरी दुकानातून, पार्सल कार्यालयातून, लॉजच्या खोलीतून किंवा बसच्या डिकीतूनच पुढे सरकतो. या वाटेवर बसलेल्या व्यावसायिकाने नेमके काय करावे, ते येथे मांडले आहे.

आधी कायद्यातील तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात, कारण त्या बहुतेक दुकानदारांना ठाऊक नसतात. पहिली गोष्ट म्हणजे, संरक्षित प्राणी किंवा त्यापासून केलेली वस्तू तुमच्या ताब्यात असल्याचे खटल्यात सिद्ध झाले, की तो ताबा बेकायदेशीर आहे असेच कलम ५७ नुसार गृहीत धरले जाते, आणि तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. दुसरी गोष्ट कलम ५८ ची. गुन्हा कंपनीकडून घडला असेल, तर कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी मानली जाते. तो गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे सिद्ध करता आले तरच तिची सुटका होते. तिसरी गोष्ट शिक्षेची. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मधील, म्हणजे कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतील, प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यांना किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे, आणि दंड २५,००० रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही. यांपैकी 'दक्षता' हा शब्द मला व्यावसायिकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ती तोंडी सांगून भागत नाही. ती कागदावर दिसावी लागते.

आता त्या सराफाकडे परत येऊ. त्याने नख हातात घेऊ नये, तराजूवर ठेवू नये आणि 'बघून सांगतो' म्हणून दुकानात ठेवून तर मुळीच घेऊ नये. अशी वस्तू बाळगण्यासाठी वनविभागाने दिलेले मालकी प्रमाणपत्र आहे का, एवढे विचारावे. घरोघरी पडून राहिलेल्या अशा वस्तू जाहीर करण्याची संधी सरकारने २००३ मध्ये मर्यादित मुदतीसाठी दिली होती. ती ज्यांनी साधली त्यांच्याकडे कागद असू शकतो. पण कागद असला तरी ती वस्तू विकता येत नाही, ती केवळ वारसाहक्काने पुढे जाते. तेव्हा सर्वांत सुरक्षित उत्तर हेच, की "काका, हे काम आम्ही घेत नाही. तुम्ही वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा." बाजारात फिरणारी अनेक नखे गुरांच्या शिंगांपासून किंवा खुरांपासून बनवलेली असतात, हे सराफांना माहीत असते आणि त्यामुळेच 'नकलीच असेल' म्हणून काम स्वीकारण्याचा मोह होतो. खरे-खोटे ठरवणे हे प्रयोगशाळेचे काम आहे. पेढीवर भिंग लावून ते ठरत नाही. एखादा अनोळखी माणूस एकाच वेळी पाच-सात नखे घेऊन आला, किंवा नखांच्या मुळाशी वाळलेले मांस दिसले, तर मात्र नकार देऊन गप्प बसू नये. तो माणूस पुढच्या गल्लीत दुसरे दुकान गाठणार हे उघड आहे.

पूजासाहित्याच्या दुकानातील परिस्थिती याहून अवघड आहे, कारण तेथे माल ग्राहक आणत नाही, तो आधीच फळीवर असतो. 'हत्ताजोडी' या नावाने शेंदूर, लवंग आणि वेलचीसह छोट्या डबीत विकली जाणारी, जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी वस्तू दुर्मिळ वनस्पतीचे मूळ म्हणून खपवली जाते. प्रत्यक्षात ती घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घोरपड अनुसूची १ मध्ये आहे. भिंतीवर चौकटीत लावण्यासाठी विकले जाणारे 'इंद्रजाल' ही समुद्रातील पंख्यासारखी प्रवाळे असतात, आणि तीही संरक्षित आहेत. प्लॅस्टिकच्या नकला सर्रास मिळतात, त्यामुळे 'आमची नकली आहे' असा बचाव ऐकू येतो. पण माल खरा असेल तर गुन्हा होतो आणि खोटा असेल तर ग्राहकाची फसवणूक, म्हणजे दोन्हीकडून दुकानदारच अडकतो. दिवाळीपूर्वीच्या सफाईत सगळे डबे खाली उतरतातच. त्याच वेळी अशा वस्तू वेगळ्या काढून वनविभागाला कळवावे. परस्पर जाळून किंवा फेकून देऊ नये, कारण त्यातून पुरावा नष्ट केल्याचा संशय ओढवतो. मोरपिसांबाबत मात्र विनाकारण घाबरण्याचे कारण नाही. आपोआप गळलेली मोराच्या शेपटीची पिसे देशात विकण्यास मुभा आहे, निर्यातीस नाही.

मुंगूसही संरक्षित असल्याने चित्रकलेचे साहित्य विकणाऱ्यांनी त्याच्या केसांचे ब्रश ठेवू नयेत. केसांवर फिकट आणि गडद पट्टे दिसत असतील आणि पुरवठादार 'नॅचरल हेअर' एवढेच सांगत असेल, तर कुठल्या प्राण्याचे केस, हे त्याच्याकडून लेखी मागावे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' ही मोहीम केवळ या ब्रशांसाठी राबवली होती, यावरून या धंद्याचा आवाका कळावा.

पाळीव पक्ष्यांच्या दुकानदाराने एक नियम पाठ करावा: भारतीय जातीचा पक्षी पिंजऱ्यात विकायचा नाही. घराच्या ओसरीत मिरची खाणारा पोपट कितीही ओळखीचा वाटला, तरी त्याच्या खरेदी-विक्रीवर १९९०-९१ पासून बंदी आहे. विदेशी पक्षी आणि प्राणी अनुसूची ४ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत, येत असतील, तर त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. ढाबा-खानावळवाल्यांसाठी याहूनही थोडक्यात सांगता येईल: संरक्षित प्राण्याचे मांस शिजवून वाढणे हाही गुन्हाच आहे, मग ते 'खास पाहुण्यांसाठी' असो.

सर्वांत मोठी जबाबदारी, माझ्या मते, वाहतूकदारांवर आहे, आणि त्यातही मालकापेक्षा बुकिंग क्लार्क, हमाल आणि क्लीनर यांच्यावर. रात्री नऊच्या बसला पाच मिनिटे असताना एक माणूस दोरीने घट्ट बांधलेला खोका घेऊन येतो. बिल्टीवर 'प्लॅस्टिक खेळणी' लिहायला सांगतो, पाठवणाऱ्याच्या रकान्यात फक्त आडनाव देतो आणि भाडे ठरण्यापूर्वीच नोटा पुढे करतो. खोक्याच्या बाजूंना दाभणाने पाडलेली भोके आहेत, तळ ओलसर आहे आणि आतून पुठ्ठ्यावर नखे घासल्यासारखा आवाज येतो आहे. खेळण्यांना हवा लागत नाही, हे हमालाला पुरते कळत असते. पण ते कोणाला सांगायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तारकासवांची तस्करी अशाच प्रकारे बॅगांतून आणि खोक्यांतून होते. या कासवाला २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये स्थान मिळाले, म्हणजे त्याचा देशोदेशींचा व्यापारी व्यवहार बंद झाला. तरीही त्याची मागणी संपलेली नाही.

म्हणून पार्सल घेताना पाठवणाऱ्याचे छायाचित्रासह ओळखपत्र पाहून त्याची नोंद ठेवावी, मालाचे वर्णन मोघम असल्यास खोका त्याच्याच समोर उघडण्याची अट पावतीवर छापावी, आणि डिकीत बिनपावतीचे एकही पार्सल जाणार नाही, हे चालकाला लेखी कळवावे. ड्रायव्हर-क्लीनरची 'वरकमाई' म्हणून मालक याकडे काणाडोळा करतात. पण माल सापडल्यावर गाडी जप्त होते ती मालकाचीच. लॉजचालकांनीही हलणारी पोती आणि खोलीत वजनकाटा मागवणारे पाहुणे यांकडे लक्ष द्यावे. मांडूळ, म्हणजे लोक ज्याला दुतोंड्या म्हणतात तो निरुपद्रवी साप, गुप्तधन मिळवून देतो या अंधश्रद्धेपायी वजनावर विकला जातो, आणि असे सौदे लॉजच्या खोल्यांत होतात.

संशय आला की काय करावे? वस्तू किंवा खोका आहे तसा बाजूला ठेवावा, दोन साक्षीदारांसमोर वेळ लिहावी, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवावे आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. पाठवणारा समोर असेल तर हुज्जत घालू नये. 'सर्व्हर बंद आहे' म्हणून थोडा वेळ काढता आला तर उत्तम, पण जिवावर बेतेल असे धाडस करू नये. अशी वस्तू ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. जिवंत प्राणी असेल तर खोका सावलीत ठेवावा. पाणी पाजण्याचा किंवा मागच्या माळावर सोडून देण्याचा उत्साह आवरावा, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकू नये, कारण त्यातून टोळी सावध होते.

उरतो तो कागद. पुरवठादाराकडून 'या मालात संरक्षित वन्यजीवांचा अंश नाही' असे बिलावर लिहून घ्यावे. नाकारलेल्या मालाची वही ठेवावी आणि त्यात तारीख, वस्तू, आणणाऱ्याचे वर्णन आणि कोणाला कळवले, एवढे चारच रकाने असावेत. नवा नोकर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला ही वही दाखवून त्यावर त्याची सही घ्यावी. हमालाच्या किंवा क्लार्कच्या संशयामुळे एखादे पार्सल थांबले आणि उघडल्यावर त्यात खरोखरच खेळणी निघाली, तर बुडालेले भाडे त्याच्या पगारातून कापू नये.