बावीसचे दोन कपॅसिटर सगळीकडे चालत नाहीत: क्रिस्टल निवडताना या चुका टाळा

नाशिकमध्ये सातपूर-अंबडची वर्कशॉप असोत की इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट, क्रिस्टल (सर्किटला ठरावीक ठोका देणारा क्वार्ट्झचा तुकडा) मागायची पद्धत एकच: "सोळा मेगाहर्ट्झचं द्या, आणि बावीसचे दोन कपॅसिटर." बावीस म्हणजे २२ पिकोफॅरॅड. गडबड इथूनच सुरू होते. क्रिस्टलवर छापलेली फ्रीक्वेन्सी एका ठरावीक लोड कपॅसिटन्सलाच, म्हणजे क्रिस्टलला दिसणाऱ्या एकूण कपॅसिटन्सलाच, खरी असते. डेटाशीटमध्ये ती सीएल म्हणून दिलेली असते आणि ८, १२.५, १८, २० पिकोफॅरॅड अशी काहीही असू शकते. धातूच्या डबीवर ती सहसा छापलेली नसते. म्हणून घेताना पार्ट नंबर विचारा आणि सीएल बघूनच घ्या.

हिशोब सोपा आहे. सीएलमधून पिन आणि ट्रॅकची आपोआप येणारी, म्हणजे स्ट्रे कपॅसिटन्स वजा करायची (चांगल्या पीसीबीवर ३ ते ५ पिकोफॅरॅड धरा) आणि उत्तर दुप्पट करायचं. सीएल १८ असेल आणि स्ट्रे ५ धरली, तर २६ येतात. २७ पिकोफॅरॅडचे लावा. २२ ची जोडी त्याच हिशोबाने १६ सीएलच्या क्रिस्टलला जुळते. ८ सीएलच्या क्रिस्टलला तीच जोडी लावली तर लोड दुप्पट होतो.

मग तरीही बोर्ड चालतो कसा? चालतोच, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकून आहे. लोड चुकला की फ्रीक्वेन्सी काही पीपीएमने (दहा लाखांत इतके भाग), फार तर काहीशे पीपीएमने सरकते: लोड जास्त तर घड्याळ मागे, कमी तर पुढे. सिरीयल पोर्ट साधारण दोन टक्के, म्हणजे २०,००० पीपीएम फरक सोसतो. त्यामुळे एलईडी लुकलुकला, सिरीयल मॉनिटरवर अक्षरं आली, म्हणजे क्रिस्टल बरोबर बसलं असं समजू नका. वेळ मोजायची पाळी आली की दोष बाहेर येतो. फक्त २० पीपीएम चुकले तरी महिन्याला ५० सेकंदांच्या आसपास फरक पडतो.

द्राक्षबागेतल्या ठिबकच्या टायमरला तर याचा खरा त्रास. तिथे बहुधा ३२.७६८ किलोहर्ट्झचं घड्याळाचं क्रिस्टल असतं. ते २५ अंशांना सर्वात अचूक असतं. तापमान त्याच्या वर जावो की खाली, दोन्हीकडे ते मागेच पडतं. उन्हात डबीच्या आत ४५ अंश झाले तर साधारण १४ पीपीएम, दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास. निफाडच्या थंडीत पहाटे ५ अंश असतील तेव्हाही तितकंच. हा फरक कपॅसिटर बदलून घालवायला जाऊ नका. वेळ चोख हवी असेल तर तापमानानुसार स्वतःला सुधारणारी डीएस३२३१ सारखी घड्याळाची चिप घ्या. क्रिस्टल तिच्या आतच असतं.

डीएस१३०७ ही साधी घड्याळाची चिप वापरत असाल तर १२.५ सीएलचंच क्रिस्टल घ्या आणि बाहेरून एकही कपॅसिटर लावू नका. लोड चिपच्या आतच आहे. "क्रिस्टल आहे म्हणजे दोन कपॅसिटर हवेतच" या सवयीने लावलेले कपॅसिटर मी अनेक बोर्डांवरून काढले आहेत.

घड्याळाच्या क्रिस्टलच्या पिनांजवळ सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला तर पावसाळ्यात ओल धरून विजेची गळती होते आणि ऑसिलेटर (क्रिस्टलला चालवणारं सर्किट) कधी सुरू होतो, कधी नाही. सोल्डरिंगनंतर जागा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) नीट धुवा.

कपॅसिटर घेताना आकडा नीट वाचा. २२० म्हणजे २२ पिकोफॅरॅड. २२१ म्हणजे २२० पिकोफॅरॅड. नंतरचा लागला तर ऑसिलेटर बहुधा सुरूच होत नाही. आणि सिरॅमिकमध्ये एनपीओ किंवा सीओजी प्रकारच मागा, बाकीच्यांची व्हॅल्यू तापमानाने हलते.

तपासतानाही एक सापळा आहे. ऑसिलोस्कोपचा एक्स१० प्रोब स्वतःच १० ते १५ पिकोफॅरॅड लोड टाकतो, एक्स१ तर शंभराच्या आसपास. प्रोब लावल्यावर बंद पडणारं किंवा प्रोब लावल्यावरच चालणारं सर्किट यामुळेच दिसतं. क्रिस्टलच्या पिनेला हात न लावता क्लॉक चिपच्या दुसऱ्या पिनेवर बाहेर काढा आणि फ्रीक्वेन्सी तिथे मोजा.

आणि क्रिस्टलला दोष देण्याआधी फ्यूज बिट, म्हणजे क्लॉक कुठून घ्यायचं ते ठरवणारी चिपमधली सेटिंग, बघा. नवा कोरा एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर आतल्या ऑसिलेटरवर १ मेगाहर्ट्झने चालतो. बाहेर कितीही चांगलं क्रिस्टल लावलं तरी फ्यूज बदलेपर्यंत तो त्याच्याकडे बघतही नाही.