ब्राव्होत शिरण्याआधीची तयारी

अमेरिकेत छोटं विमान घेऊन व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघत उडण्याचे नियम) क्रॉस-कंट्रीला, म्हणजे दूरच्या विमानतळाकडे, निघताना एअरस्पेससाठी (हवाई हद्दींसाठी) काय काय बघून ठेवायचं, ते सलग लिहितोय. इंधन, वजन, इंजिन ऑइल तुम्ही बघालच. मी लिहायला बसलोय ते एकदा स्वतः चुकलो म्हणून. अ‍ॅप्रोचशी (विमानतळाभोवतीच्या रडार कंट्रोलरशी) बोलणं चालू होतं, स्क्वॉक कोड (रडारवर ओळख पटवणारे चार आकडे) मिळाला होता, ‘रडार कॉन्टॅक्ट’ (तुम्ही रडारवर दिसताय) ऐकलं होतं. आता वाट मोकळी असं धरून चाललो, आणि क्लास ब्राव्होचा (मोठ्या विमानतळांभोवतीची, कप्प्या-कप्प्यांची हवाई हद्द) तळ ३,००० फुटांवर असलेल्या कप्प्यात ३,५०० फुटांवरून सरळ घुसलो. ‘क्लिअर्ड इन्टू द ब्राव्हो’ असं मला कोणी म्हटलंच नव्हतं. कंट्रोलरने अगदी शांत आवाजात एक फोन नंबर लिहून घ्यायला सांगितला, म्हणजे चूक झालीय, उतरून फोन करा. गुडघ्यावरच्या कागदावर तो लिहिताना माझे आकडे इतके थरथरले की उतरल्यावर दोन मला धड वाचताही येईनात.

आदल्या रात्री सेक्शनल चार्ट (वैमानिकांचा नकाशा) उघडा, चालू आवृत्तीचाच; ती दर ५६ दिवसांनी बदलते. ब्राव्होच्या जवळून जाणार असाल तर टर्मिनल एरिया चार्टही घ्या. त्याचं प्रमाण १:२,५०,००० असतं, म्हणजे सेक्शनलच्या दुप्पट मोठं, आणि कुठला कप्पा कुठे संपतो ते नीट दिसतं. सलग निळी रेघ ब्राव्हो, सलग मॅजेन्टा (गुलाबी-जांभळी) चार्ली, तुटक निळी डेल्टा; चार्ली आणि डेल्टा म्हणजे त्याहून लहान विमानतळांच्या हद्दी. ब्राव्होच्या कप्प्यात वर १०० आणि खाली ३० असं लिहिलेलं असेल तर माथा १०,००० फूट, तळ ३,००० फूट, दोन्ही समुद्रसपाटीपासून. मार्गात लागणारा प्रत्येक कप्पा आणि त्याचा तळ क्रमाने कागदावर उतरवा.

आता ब्राव्होच्या ओळीपुढे एक रिकामा चौकोन काढा. आपल्या कॉल साइनसकट (विमानाचं रेडिओवरचं नाव) ‘क्लिअर्ड’ ऐकलं, रीडबॅक दिला (तेच परत म्हणून दाखवलं), की मगच त्यात खूण करायची. फ्लाइट फॉलोइंग (कंट्रोलरने रडारवर आपल्यावर लक्ष ठेवणं) म्हणजे क्लिअरन्स (आत जायची परवानगी) नव्हे. स्क्वॉक कोड म्हणजे क्लिअरन्स नव्हे. ‘रडार कॉन्टॅक्ट’ म्हणजेही नव्हे. चौकोन रिकामा असेल तर स्पष्ट विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बाहेर वळा किंवा तळाखाली राहा. कंट्रोलर कामात आहे, त्याला कशाला त्रास द्यायचा, असं मनात येतं. येऊ दे, तरी विचारा.

ही चूक चार्ली आणि डेल्टाच्या सवयीतून होते. तिथे दोन्ही बाजूंनी संपर्क झाला की पुरतं. कंट्रोलरने तुमची कॉल साइन घेऊन ‘स्टँडबाय’ म्हटलं तरी संपर्क झाला, आत जाता येतं. ‘बाहेर थांबा’ सांगितलं तर अर्थातच नाही. कॉल साइन न घेता नुसतं ‘एअरक्राफ्ट कॉलिंग, स्टँडबाय’ म्हटलं तर संपर्क झालेला नाही. मी आठवडाभर चार्लीतून ये-जा करत होतो, तीच सवय ब्राव्होत घेऊन गेलो.

उपकरणं: मोड सी ट्रान्सपाँडर (रडारला कोड आणि उंची कळवणारं यंत्र), आणि १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउटही (विमानाची जागा सतत प्रसारित करणारं यंत्र). ब्राव्होत आणि चार्लीत दोन्ही लागतात, त्यांच्या वरून जातानाही १०,००० फुटांपर्यंत लागतात. शिवाय ब्राव्होच्या मुख्य विमानतळाभोवती ३० नॉटिकल मैलांचा मोड सी व्हेल (veil, ही उपकरणं सक्तीची असलेला घेर) जमिनीपासूनच सुरू होतो. ‘मी तर तळाखालून जाणार’ हे कारण तिथे चालत नाही. एडीएस-बी बंद पडलं असेल तर परवानगी केव्हाही मागता येते; बसवलेलंच नसेल तर निदान तासभर आधी मागा.

स्टुडंट पायलट एकटा ब्राव्होत जाणार असेल तर लॉगबुकमध्ये त्याच एअरस्पेससाठी इन्स्ट्रक्टरची एंडॉर्समेंट (सहीनिशी मंजुरीची नोंद) हवी, ९० दिवसांच्या आतली. जेएफके, ओहेअर, लॉस एंजेलिस अशा काही विमानतळांवर मात्र स्टुडंटला एकट्याने उतरताच येत नाही, एंडॉर्समेंट असली तरी.

दृश्यता: ब्राव्होत ३ स्टॅट्यूट मैल आणि ढगांपासून मोकळं. चार्ली, डेल्टा आणि १०,००० फुटांखालच्या इकोत (बाकीची नियंत्रित हद्द) ३ मैलच, पण ढगांच्या ५०० फूट खाली, १,००० वर, २,००० आडवं अंतर. अल्फा ही हद्द १८,००० फुटांपासून, फक्त आयएफआर (उपकरणांवर उडण्याचे नियम), आपला संबंध नाही. टॉवर रात्री बंद होत असेल तर तो डेल्टा नंतर काय होतो ते चार्ट सप्लिमेंटमध्ये (विमानतळांच्या माहितीची पुस्तिका) बघा.

सकाळी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना), टीएफआर (तात्पुरते उड्डाण निर्बंध). रात्री बघितलेले पुरत नाहीत, निघण्याआधी पुन्हा. फ्रिक्वेन्सी लिहिलेल्या. चौकोन काढलेला. तो काढलाय ना, बघा.

आणि चुकून घुसलातच तर १० दिवसांच्या आत नासाच्या एएसआरएसकडे (विमान सुरक्षेच्या चुका स्वतःहून कळवण्याची यंत्रणा) रिपोर्ट भरा. चूक अनवधानाने झालेली असेल तर परवान्यावरची कारवाई टळू शकते. मी त्याच रात्री भरला.