नारळाच्या घट्ट दुधासाठी ज्युसर घेताय? या चुका टाळा

गौरी-गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या सेलनंतर मला ठरलेले फोन येतात. "ताई, एवढा महागाचा ज्युसर घेतला, पण नारळाचं क्रीम काही निघत नाही." साताऱ्यात मी स्वयंपाकाचे वर्ग घेते. सोलकढी, थाई करी, नारळाचं आईस्क्रीम, अंड्याविना केक असं काही शिकवायचं म्हटलं की घट्ट दूध लागतंच. कोकणासारखे आपल्या परसात नारळ पडत नाहीत, इथे एकेक नारळ मोजून आणावा लागतो. चोथ्यात दूध राहिलं की ते पैसेच वाया जातात, म्हणून या चुका बघवत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक दुकानातच होते. काउंटरवरचा मुलगा गाजर घालतो, मोसंबी घालतो, ग्लासभर रस काढून दाखवतो आणि आपण खूश होऊन पैसे मोजतो. गाजर आणि मोसंबीत पाणीच पाणी असतं. नारळाचं तसं नाही. ओल्या खोबऱ्यात साधारण एक तृतीयांश स्निग्धांश असतो, निम्म्याच्या आसपास पाणी आणि वर चिवट तंतू. ते आधी बारीक व्हायला हवं आणि मग दाबून पिळलं जायला हवं. ही दोन्ही कामं सावकाश आणि जोर लावून करणारी मशीनच नारळाला चालते.

आपल्याकडे घरोघरी असलेला ज्युसर-मिक्सर-ग्राइंडर हे काम करत नाही. त्यातल्या ज्युसरच्या भांड्यात खाली किसणीची चकती असते, भोवती जाळी असते आणि हे सगळं मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरतं. फिरण्याच्या जोरावर रस बाहेर फेकला जातो, पिळला जात नाही. खोबरं त्यात किसलं जातं खरं, पण जाळीला चिकटून बसतं. एका बाजूला जास्त चिकटलं की भांडं थरथरायला लागतं, आणि घाबरून मशीन बंद केली तर आत ओलाकच्च चोथा आणि भांड्यात फेसाळ पांढरं पाणी. तो चोथा मुठीत दाबून बघा, दूध ठिबकतं. म्हणजे आपण पैसे देऊन हाताचंच काम शिल्लक ठेवलं.

मिनिटाला ४० ते ८० फेऱ्या फिरणारा, जाड स्क्रूचा स्लो ज्युसर घ्यायचा. वॅट बघून भुलू नका. असे ज्युसर १५० ते २५० वॅटचेच असतात आणि तेवढे पुरतात, कारण कमी फेऱ्यांमुळे जोर स्क्रूकडे येतो. ७५० वॅटचा आकडा मिक्सरला शोभतो. मी स्वतः चार गोष्टी बघते: चोथा बाहेर पडायची वाट रुंद आहे का, उलट फिरवायचं बटण आहे का, जाळी हातात धरून दोन्ही बाजूंनी ब्रश फिरतो का, आणि माहितीपत्रकात "काय घालू नये" या यादीत नारळ आहे का. ही यादी दुकानात उभं राहून वाचायची. काही मशीनमध्ये नारळ चालतो, काहींमध्ये स्पष्ट मनाई असते. पोवई नाक्यावरच्या दुकानात जाताना मी डब्यात ओल्या खोबऱ्याचे काप घेऊन जाते आणि त्यावरच डेमो मागते. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघायचं. आजवर एखाद-दुसऱ्यानेच नाही म्हटलं.

आणि महिन्याकाठी एखादाच नारळ फुटत असेल तर ज्युसर घेऊच नका. मिक्सर आणि धुतलेला मलमलचा कपडा पुरेसा आहे. हे मी सांगितलं की लोकांना आवडत नाही, कारण खरेदी मनात आधीच झालेली असते.

गार खोबरं आणि अडकलेला स्क्रू

दुसरी चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर जरा सविस्तर लिहायलाच हवं.

कराडची माझी एक विद्यार्थिनी. नव्या स्लो ज्युसरचं मोठं कौतुक. डिसेंबरातलं केळवण, पंचवीसेक माणसं जेवायला. आदल्या रात्री तिने नारळ फोडून मोठेमोठे तुकडे फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळी काढून थेट मशीनमध्ये कोंबले. पाणी नाही, काही नाही. दट्ट्याने वरून रेटत राहिली. सुरुवातीला थोडं दूध आलं, मग चोथा यायचा थांबला, मशीन गुरगुरली आणि बंद पडली. भांडं फिरवून काढावं तर हलेना. घरातल्यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला आणि कडेचा खाच्याचा तुकडाच तुटला. मग मला फोन.

खोबऱ्यातला स्निग्धांश साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होतो. थंडीत न्हाणीघरातल्या बाटलीतलं खोबरेल कसं होतं ते सातारकरांना सांगायला नको. तेच मशीनच्या आत झालं. मी भांडं उघडून घेतलं तेव्हा जाळीवर आतून मेणासारखा पांढरा थर बसला होता आणि चोथ्याच्या वाटेत खोबऱ्याचा दगडी गठ्ठा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी माहितीपत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: कडक जिन्नस पाण्याशिवाय घालू नयेत, त्याने झालेली मोडतोड वॉरंटीत धरली जात नाही. ती ओळ तिने तेव्हा पहिल्यांदा वाचली.

असं अडकलं तर आधी प्लग काढा. नंतर वरून कोमट पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं मशीनला हात लावू नका. ही पंधरा मिनिटं लोकांना धरवत नाहीत आणि सगळी मोडतोड त्यातच होते. मग प्लग लावून उलट बटण चार-पाच सेकंद दाबायचं, पूर्ण थांबू द्यायचं, पुन्हा दाबायचं. आतली चरबी सैल झाली की भांडं आपोआप सुटतं. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड यांतलं काही जवळपास ठेवू नये.

मुळात अडकू नये म्हणून माझी पद्धत अशी. खोबऱ्याची तपकिरी पाठ सोलाण्याने काढते, त्याने दूध शुभ्र येतं. आमटीत घालायचं असेल तर नाही काढली तरी चालतं. मग करंगळीच्या नखाएवढे पातळ काप करते किंवा सरळ खोवते. दोन वाट्या चवाला पाऊण वाटी कोमट पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवते. कोमट म्हणजे बोट सुखाने बुडेल इतकंच. उकळतं पाणी ज्युसरच्या प्लास्टिकला सोसत नाही. मग ओलं खोबरं मूठमूठ घालायचं आणि मध्येमध्ये चमचाभर तेच पाणी. दट्ट्या फक्त वाट दाखवायला असतो, जोर लावायला नाही. बाहेर आलेला चोथा एकदा परत फिरवायचा. ते दुसरं दूध पातळ असतं, ते वेगळ्या भांड्यात धरा, सोलकढीला किंवा भाताला उत्तम. पहिल्यात मिसळलंत की घट्टपणा गेला.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सुकं खोबरं भिजवून घालू नका. कांदा-लसूण मसाल्यासाठी घरात वाट्या असतातच, म्हणून हा मोह साताऱ्यात फार. स्लो ज्युसरमध्ये त्याचा तेलकट लगदा होतो आणि स्क्रू अडकतो. दूध येतं ते नावालाच, त्यातही खवट वाटी असली तर सगळंच गेलं.

शहाळ्याची मलई क्रीमसाठी निकामी. त्यात स्निग्धांश भरलेलाच नसतो. नारळ पक्का, हाताला जड आणि हलवला की आतलं पाणी खळखळणारा हवा, डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नको.

सलग तासभर मशीन चालवू नका. बहुतेक घरगुती स्लो ज्युसरना वीस-तीस मिनिटांनी विश्रांती लागते. माझ्याकडे जास्त नारळ असतील तेव्हा मी मध्ये थांबून जाळी कोमट पाण्याने धुऊन घेते.

मशीन क्रीम देत नाही

हा गैरसमज जाहिरातींनी पसरवला आहे. ज्युसरमधून दूध येतं, क्रीम आपण करायचं असतं. कोडेक्स म्हणजे खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, तिच्या २००३ सालच्या मानकात नारळाच्या दुधात किमान १० टक्के आणि नारळाच्या क्रीममध्ये किमान २० टक्के स्निग्धांश धरला आहे. म्हणजे पाणी कमी करणं हेच खरं काम. ते करायला उंच काचेची बरणी आणि फ्रिज लागतो, बाकी काही नाही. पहिलं दूध गाळून बरणीत घालायचं आणि रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. सकाळी वर जाड साय आणि खाली पातळ, निळसर झाक असलेलं पाणी. साय चमच्याने अलगद उचलायची. बरणी वाकडी केली किंवा मध्येच हलवून "झालं का" बघितलं की थर मोडतो.

घाई असलेले दोन शॉर्टकट काढतात. एक, फ्रीझर. तिथे पाण्याचे खडे होतात आणि सुटल्यावर क्रीम कणीदार लागतं, आईस्क्रीमला तर ते अजिबात चालत नाही. दुसरा, गॅसवर उकळून आटवणं. मोठ्या आचेवर त्यातली प्रथिनं गोळा होतात, तेल वर तरंगतं आणि भांड्यात फाटलेला रस्सा उरतो. दूध करीत घालायचं असेल तरी शेवटी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केलेलं क्रीम मला कुणी दाखवू नये. ती खीर झाली.

धुण्याबद्दल एकच सांगते, पण ते पाळाच. वापर संपल्यावर मशीन "नंतर बघू" म्हणून ठेवू नका, विशेषतः थंडीत. आधी सगळा चोथा सुक्या कपड्याने पुसून काढा, म्हणजे चरबी मोरीत जाऊन गोठणार नाही. मग जाळी कोमट पाणी आणि साबणात बुडवून ब्रशने आतून-बाहेरून घासा. रबरी झडप काढून तिच्या खोबणीतही ब्रश फिरवा. वास तिथूनच सुरू होतो. पुसून, उलटं ठेवून पूर्ण वाळू द्या. काढलेलं क्रीम फ्रिजमध्ये दोन दिवसांत संपवा. आंबूस वास आला किंवा वर गुलाबीसर डाग दिसला तर चव न घेता टाकून द्या.