इग्निशनचे वेव्हफॉर्म वाचताना या चुका टाळा

इंजिन मिस मारते, स्कॅनरवर पी०३०२ हा कोड येतो, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) बदलली जाते आणि आठवडाभरात गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. त्या कोडचा अर्थ एवढाच असतो की दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट झाले नाही. दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे कोड सांगत नाही. व्होल्टेजचा आलेख (वेव्हफॉर्म) पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप त्यातले बरेच काही सांगू शकतो. मात्र पडद्यावरचे सर्वांत उंच टोक पाहून लगेच निकाल देण्याची सवय अनेकांना असते, आणि माझ्या मते बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

प्रायमरी बाजूचा, म्हणजे कॉइलच्या बॅटरीकडच्या वेटोळ्यांचा, आलेख डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचावा. कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर चालू झाला की व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवरून जवळजवळ शून्यावर येते. हा ड्वेलचा काळ, ज्यात कॉइलमध्ये ऊर्जा साठते. ट्रान्झिस्टर बंद होताच व्होल्टेज ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत उसळते, ठिणगी पडताच खाली येऊन साधारण ३० ते ५० व्होल्टवर टिकते (ठिणगी टिकेपर्यंतची ही रेषा म्हणजे स्पार्क लाइन), आणि ठिणगी विझल्यावर उरलेली ऊर्जा काही लहरींमध्ये विरून रेषा पुन्हा बॅटरीच्या पातळीला येते. सेकंडरी, म्हणजे प्लगकडच्या, बाजूला आकार असाच असतो, फक्त उंची किलोव्होल्टमध्ये मोजावी लागते.

जोडणीतल्या चुका

पहिली चूक स्कोपच्याच जिवावर बेतते. ४०० व्होल्टचा झटका थेट इनपुटवर घेण्याची क्षमता बहुतेक स्कोपमध्ये नसते, म्हणून प्रायमरीसाठी व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात कमी करणारा १०:१ किंवा २०:१ अटेन्युएटर लावणे आवश्यक आहे. तो लावल्यावर तेच प्रमाण स्कोपच्या सेटिंगमध्येही द्यावे लागते. २०:१ लावून सेटिंग १:१ ठेवले तर ३५० व्होल्टचे टोक १७.५ व्होल्टचे दिसते आणि चांगली कॉइल मेलेली वाटते. ठिणगी पाहण्यासाठी कॉइल काढून मोकळी हवेत चालवणेही टाळावे. वाट न मिळालेले उच्च व्होल्टेज कॉइलचे इन्सुलेशन फोडू शकते, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

प्लगवर बसणाऱ्या कॉइलसाठी मिळणारा चपटा इंडक्टिव्ह प्रोब (तार न जोडता कॉइलवर ठेवायचा) आकार चांगला दाखवतो, पण त्यावरचे किलोव्होल्टचे आकडे खरे धरू नयेत. प्रोब थोडा सरकला तरी उंची बदलते. चार सिलिंडरची तुलना करायची असेल तर प्रत्येक कॉइलवर तो त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा आणि तरीही उंचीपेक्षा आकाराकडे पाहावे.

पडद्यावर दोन सेकंदांचे चित्र घेऊन टोके कमी-जास्त का दिसतात, असेही विचारले जाते. टोकाचा काळ काही मायक्रोसेकंदांचा असतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे स्कोप किती वेगाने नमुने घेतो ते, अपुरे असेल तर ते टोक नमुन्यांच्या मधेच निसटते. ७५० आरपीएमवर एका सिलिंडरची ठिणगी दर १६० मिलिसेकंदांनी पडते, त्यामुळे सिलिंडरांची तुलना करण्यासाठी लांब चित्र आणि एका ठिणगीचा तपशील पाहण्यासाठी पडद्यावरच्या दर चौकटीला १ मिलिसेकंदाच्या आसपासचे चित्र अशी दोन वेगळी चित्रे घ्यावीत.

टोकापेक्षा स्पार्क लाइन महत्त्वाची

चांगल्या इंजिनमध्ये आयडलिंगला ठिणगी पडण्यासाठी साधारण ८ ते १५ किलोव्होल्ट लागतात आणि ठिणगी १ ते २ मिलिसेकंद टिकते. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा जवळपास ठरलेली असते. पगार ठरलेला असताना घरभाडे वाढले की किराण्याला कमी उरते, तसे ठिणगी पाडायलाच जास्त ऊर्जा गेली तर ती टिकवायला कमी उरते. म्हणूनच उंच टोक आणि आखूड स्पार्क लाइन ही जोडी एकत्र वाचायची असते. ती दिसली तर प्लगच्या टोकांमधला गॅप वाढला असेल, सेकंडरीत रेझिस्टन्स वाढला असेल किंवा मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झाले असेल. या तिन्हींमध्ये निवड करताना स्पार्क लाइनचा उतार उपयोगी पडतो. ती उंचावरून सुरू होऊन ठळकपणे खाली उतरत असेल तर रेझिस्टन्सचा संशय घ्यावा. ती वर चढत जाऊन दातेरी होऊन लवकर संपत असेल तर मिश्रण पातळ असल्याची किंवा सिलिंडरमधल्या हवेच्या खळबळीने ठिणगी विझत असल्याची शक्यता मोठी असते. तेव्हा कॉइल बदलून पैसे वाया घालवण्याआधी इंजेक्टर आणि हवेची गळती तपासावी.

उलट चित्र, म्हणजे टोक बुटके आणि स्पार्क लाइन लांब, पाहून अनेकजण ठिणगी जोरदार आहे असे समजतात. प्रत्यक्षात कॉम्प्रेशन कमी असेल, गॅप अरुंद झाला असेल किंवा प्लग शॉर्ट होत असेल तेव्हा असे दिसते. ठिणगीनंतरच्या लहरी जवळपास नाहीशा झाल्या असतील, तर मात्र कॉइलच्या आत वेटोळे शॉर्ट झाल्याचा संशय रास्त ठरतो.

वेस्ट स्पार्क पद्धतीत एक कॉइल दोन प्लगना एकाच वेळी ठिणगी देते, त्यामुळे एका प्लगचा आलेख उलटा दिसतो आणि एक्झॉस्ट स्ट्रोकवरची ठिणगी बरीच बुटकी असते. तो दोष नव्हे.

करंटचा आलेख

तीन किंवा चार पिनांच्या ज्या कॉइलमध्ये इग्नायटर (करंट चालू-बंद करणारे सर्किट) आतच असतो, तिथे प्रायमरीचे व्होल्टेज बाहेरून मिळत नाही. ट्रिगरच्या तारेवर फक्त छोटा चौकोनी सिग्नल येतो. कॉइल निकामी झाली आहे असे ठरवण्याऐवजी तारेभोवती अडकवून करंट मोजणारा करंट क्लॅम्प शून्यावर आणून तो कॉइलच्या सप्लायच्या तारेवर लावावा. करंट तिरक्या रेषेने साधारण ६ ते १० अँपिअरपर्यंत चढतो. तो सुरुवातीलाच जवळपास उभा चढला तर वेटोळे शॉर्ट आहेत. उतार मंद असेल आणि वरचा आकडा गाठत नसेल तर सप्लाय किंवा अर्थमध्ये रेझिस्टन्स आहे. रेषा वर सपाट झाली म्हणजे बिघाड झाला असे मानू नये. अनेक सिस्टिममध्ये करंट मुद्दाम मर्यादित केलेला असतो. चारही कॉइलना एकाच फ्यूजमधून सप्लाय असेल तर तिथे एकच क्लॅम्प लावून चारही उतार सोबत पाहता येतात, आणि वेगळा पडणारा उतार लगेच ओळखू येतो.

सीएनजीच्या गाड्या

मुंबई-पुण्याकडे सीएनजीवर धावणाऱ्या गाड्या पुष्कळ असल्याने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून प्लगचा गॅप सहसा कमी ठेवला जातो. पेट्रोलवरचे सगळे आलेख चांगले पाहून गाडी परत पाठवणे ही चूक होय. त्याच सिलिंडरचा आलेख आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर घ्यावा. गॅसवरच टोक फार उंच आणि स्पार्क लाइन आखूड होत असेल तर प्लगचा गॅप आणि कॉइलच्या रबरी बूटचे इन्सुलेशन तपासावे. गॅसवर स्पार्क लाइन वर चढत असेल तर किटचे मिश्रण पातळ असण्याचा संशय घ्यावा.

आयडलिंगला सगळे ठीक दिसले तरी तपासणी तिथेच थांबवू नये. थ्रॉटल एकदम उघडून बंद केल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि कमकुवत प्लग किंवा बूट तेव्हाच उघडा पडतो. त्यानंतर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून पुन्हा आलेख घ्यावा, मात्र एका वेळी एकच वस्तू हलवावी. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम अदलाबदल केल्यास दोष कोणाबरोबर गेला हे कळत नाही. दोष जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन गेज आणि इंजेक्टरच्या तपासणीकडे वळावे.