चोरला घाट आणि तापमानाचा आकडा

भावोजींच्या छोट्या गाडीत इंजिनाच्या तापमानाचा काटा नाही, नुसता लाल दिवा. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोरला घाटात तो पेटेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून आकडा दाखवणारा छोटा स्क्रीन लावायचं ठरलं. माहिती गाडीच्या कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात तिथे, असतेच. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधल्या (गाडीची तपासणी करायचं यंत्र जिथे जोडतात तिथल्या) 6 आणि 14 नंबरच्या पिना म्हणजे त्याच दोन तारा.

आर्डुइनोला (छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला) कॅन बसशी बोलणाऱ्या एमसीपी2515 चिपचं मॉड्यूल जोडलं, पण गाडी काही बोलेना. बेळगावच्या उद्यमबागेतले ओळखीचे इलेक्ट्रिशियन म्हणाले, "काय करायलात हो? आधी मीटर लावा की!" बॅटरी सोडवून दोन तारांमधला रोध मोजला, तर 40 ओहम. हवा 60. बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोध गाडीतच असतात, समांतर असल्याने मिळून 60. तिसरा आमच्या मॉड्यूलवर निघाला. त्याला जोडणारी छोटी टोपी, म्हणजे जंपर, काढला.

तरी स्क्रीन कोराच. खरी गोम क्रिस्टलमध्ये, म्हणजे चिपला वेळेचा ठेका देणाऱ्या भागात, होती. मॉड्यूलवर 8 मेगाहर्ट्झचा, लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरलेला तयार कोड) धरून चाललेली 16. म्हणजे गाडी 500 केबीपीएसने (सेकंदाला 500 किलोबिट) बोलतेय आणि आमचं यंत्र 250 ने ऐकतंय! एक ओळ बदलली आणि आकडे धावायला लागले.

7डीएफ या पत्त्यावर मोड 01 (चालू आकडे), पीआयडी 05 (इंजिनाच्या कूलंटचं तापमान) विचारायचं. 7ई8 या पत्त्यावरून आलेल्या उत्तरातल्या तापमानाच्या बाइटमधून 40 वजा केले की सेल्सिअस. 130 आले तर 90 अंश.

मूळ डॅशबोर्डच्या काट्यांना संदेश पाठवायच्या भानगडीत मी पडलो नाही. चालत्या गाडीत तो खेळ नको. ओबीडी सॉकेटमधली 16 नंबरची, बॅटरीची पिन मात्र चावी काढली तरी जिवंत असते, बॅटरी उतरते. तिथे स्विच टाकलाय.